टीव्हीवर रोवणी लागली की

बाबा,

मला तुमच्यावर संशय होता. अजूनही आहे, पण तो आता पहिल्यासारखा सरळ राहिलेला नाही, म्हणून लिहायला बसले. भांडताना माझा आवाज चढला की तुम्ही चप्पल घालून निघून जायचात. कागदावर तरी तुम्हाला बसावं लागेल.

तुम्ही ‘आपलं चॅनल’ म्हणायचात, जरी त्यातला एक स्क्रूही आपला नव्हता. नव्याण्णव साली भैयाजींनी कपड्याच्या दुकानावरच्या खोलीत दोन व्हीसीआर मांडून ते सुरू केलं, आणि खांबांवर चढून केबल ओढणाऱ्या तुम्हाला हळूहळू त्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं. दुपारी पिक्चर, पाचला फर्माइशी गाणी, खाली सरकणारी वाढदिवसांची पट्टी, साडेसातला गोंदियाच्या बातम्या, आणि सकाळी त्याच बातम्या पुन्हा. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक, पुढं गणपती. तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून कॅसेटींवर नावं लिहिण्याऐवजी तुम्ही खुणा काढायचात. बातम्यांना उभी रेघ, जयंतीला चक्र. बातमीची मूळ कॅसेट पुसून पुन्हा वापरायची असे, पण पुसण्याआधी तुम्ही ती एकदा अख्खी बघायचात. भैयाजी चिडायचे, टाइम खोटी करतो म्हणून. तुम्ही म्हणायचात, “मानसाचं बोलनं पुसाचं तं एकदा आयकून तरी घ्यावं.”

आणि एक कॅसेट होती धानाच्या लोंबीच्या खुणेची. नवा कॅमेरा आला तेव्हा तो चालवून बघायला तुम्ही दवनीवाड्याला मामाच्या बांधीत, धानाच्या शेतात गेला होता, तिथली रोवणी, रोपं लावतानाची. चिखलात वाकलेल्या दहा-बारा बाया, डावीकडून दुसरी आई. तिचा चेहरा एकदाही दिसत नाही, नुसती पाठ आणि हात. टेप अडकली, मशीन बिघडलं की तुम्ही ती लावायचात. पुढं लोकांच्या लक्षात आलं की टेप ठरावीक वेळीच अडकते. कुणा मोठ्या माणसाविरुद्ध मोर्चा निघाला की त्या संध्याकाळी हमखास हिरवं शेत. खालचा चहावाला तोंडावर विचारायचा, “का हो, भर उन्हाळ्यात रोवनी? आज कोनाचं दाबलं?” तुम्ही हसायचात. मला हसू येत नसे. तेव्हापासूनच मी तुमच्या बोटांकडे बघायला लागले, बटनावर जाणाऱ्या.

मी बी.ए. झाले, घरातली पहिली, आणि तुमच्या शब्दावर भैयाजींनी मला बातम्या आणायचं काम दिलं. खरं काय ते दाखवलं की माणसं बदलतात, असं मला अगदी मनापासून वाटे. तुम्हाला काय वाटे ते तुम्ही कधी बोलला नाहीत. सहा महिन्यांनी मी ती बातमी केली. राईस मिलच्या मागची वस्ती, आणि चिमणीतून तिच्यावर दिवसभर पडणारी कोंड्याची काळी राख. एक बाई कॅमेऱ्यासमोर सगळं सांगत गेली. खाटेवरून बोट फिरवून दाखवलं, लेकराचे लाल डोळे दाखवले, ताटातल्या भातावर बसलेले काळे कण दाखवले. त्या मिलची जाहिरात रोज आपल्या बातम्यांच्या आधी लागायची, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. दुपारी दोन व्हीसीआर जोडून मी स्वतः चार मिनिटांची बातमी तयार केली. तयार कॅसेट लावायला आणि मूळ कॅसेट पुसायला, अशा दोन्ही तुमच्या हातात दिल्या आणि घरी आले.

साडेसातला घरात दाटी झाली आहे. आई पदर सारखा करून बसली आहे, जणू टीव्हीतून कुणी तिला बघणार आहे. पडद्यावर दुपारी रेकॉर्ड केलेली मी म्हणते, “आता बघूया शहरातल्या एका वस्तीची व्यथा,” आणि समोर हिरवंगार शेत येतं. शेजारची काकू टाळी वाजवून ओरडते, “अवो, तूच दिसून राहिली नं बाप्पा!” सगळे हसतात. आईही हसते. मी सायकल काढते.

तुम्ही स्टुलावर बसून टेप गुंडाळत होता. “क्यासेट अटकली बेटा. मी का करू?”

“नेमकी माझीच?”

“मशीन मालकाले नाही ओळखत, तुले कायले ओळखन?”

“मग सकाळी लावा.”

“खराब झाली ते.” हे म्हणताना तुम्ही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भैयाजींना गाठलं. ते म्हणाले, “मुझसे मत पूछ. मिलवाले का फोन आया ही नहीं. मशीन पे हाथ किसका था? अपने बाप से पूछ.” ते खोटं बोलत असावेत. पण खोटं बोलणारा माणूस सहसा आधी चहा मागवतो, आणि त्यांनी मागवला नव्हता.

चार दिवसांनी घरात तांदळाची बोरी आली. बोरीवर त्याच मिलचा छाप. आईनं भात टाकला, ताट वाढलं, मी ते सरकवलं. तुम्ही जेवता जेवता थांबलात. “मामाच्या बांधीतला हाय तांदूळ. बोरी का, कोनाचीबी रायते.” मी ताट आणखी लांब सरकवलं, तेव्हा तुमचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा. “शिकली तं शिकली, भातावर कायले राग काढून राहिली?” गोंदियात त्या छापाच्या बोऱ्या घरोघरी असतात, त्यांची पायपुसणीसुद्धा करतात, हे मला माहीत होतं. मामाला विचारणंही सोपं होतं. विचारलं नाही. त्यानं काहीही सांगितलं असतं तरी मला ते पटलं नसतं. दोन दिवस मी पोळी खाल्ली आणि महिन्याभरात शिकवायची नोकरी धरून नागपूरला गेले. सुटीत यायचे तेव्हा तुम्ही विचारायचात, “बरी हाय ना?” मी म्हणायचे, “बरी आहे.” तीन वर्षं आपण एवढंच बोललो. मग तुम्ही गेलात.

पुढं घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि आपलं चॅनल बंद पडलं. मागच्या महिन्यात भैयाजींनी खोली रिकामी केली. कपाटातलं तुमचं सामान त्यांनी एका पिशवीत घालून दिलं. टेस्टर, चष्मा, काळ्या टेपचं भेंडोळं आणि एक कॅसेट. तिच्यावर उभी रेघ होती, आणि रेघेच्या भोवती बारीक बारीक ठिपके, वरून खाली पडणारे. मला समजायला वेळ लागला नाही. माझी मूळ कॅसेट. तिच्या मागची प्लास्टिकची टिकली मोडलेली होती. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड करत नाही. तुम्ही रोवणीची मोडली होती, जयंतीची मोडली होती, आणि ही.

त्या कॅसेटच्या शेवटी काय आहे ते मला पाठ आहे. बोलणं संपलं होतं, कॅमेरा अजून चालू होता. त्या बाईनं मला पाण्याचा गिलास दिला आणि म्हणाली, “बाई, हे दाखवजो नोको बरं. माहा घरवाला तिथंच पोते उचलते. तू इचारलं म्हून सांगतलं.” मी म्हटलं, “बरं.” दुपारी बातमी जोडताना मी तिचं ते वाक्य आणि माझं ते ‘बरं’ बाहेर ठेवलं. चार मिनिटांनी सगळ्या वस्तीवरची राख हटेल असं वाटलं होतं. त्यात एका माणसाचं काम गेलं तर काय, हा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

तुम्ही ती कॅसेट साडेसातच्या आधी बघितली असणार. मग मला तसं का नाही सांगितलं? मी मशीनवर चिडावं, भैयाजींवर, तुमच्यावर, पण माझ्यावर नको, असं होतं का? की मी आता माझ्या सोयीचा बाप तयार करते आहे, आणि खरंच मिलवाल्याचा फोन तुम्हाला आला होता? टिकली मोडून कॅसेट जपली ती माझ्यासाठी, की कधी माझ्यासमोर ठेवता यावी म्हणून? ठिपक्यांवरून काही कळत नाही. तुमच्यावरचा संशय मला पूर्ण सोडवत नाही. तो सोडला तर उरते ती मीच.

काल आईनं पिशवीतून ती कॅसेट काढली, उलटसुलट केली. “काय हाय ह्याच्यात?”

मी म्हटलं, “रोवणी.”

“मंग लाव ना. मी हाय त्याच्यात.”

व्हीसीआर आता कुठं मिळत नाही, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मी शोधलेलाच नाही.