वसंतगुरुजी सहमत झाले

बऱ्हाणपूर,
सोमवार

तीर्थस्वरूप मालतीताईस,

चुडामणचा साष्टांग नमस्कार. नव्या तेलाने तुझ्या गुडघ्यांना उतार पडला की नाही, हे स्पष्ट शब्दांत कळवावे ('बरं आहे' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही). येथे आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल नाही ते माझे सदर.

येथील साप्ताहिकात 'मर्यादा' हे सदर मी तेवीस वर्षे चालवीत आहे, हे तू जाणतेसच. एकूण लेख अकराशे चौऱ्याण्णव (आईच्या आजारपणात दोन आठवडे चुकले). उभ्याने जेवणे, वाढदिवसाचा केक, नवऱ्याला नावाने हाक मारणे, यांपैकी कशाचीही मी गय केलेली नाही. आणि दर आठवड्याला सिंधीपुऱ्यातले वसंतगुरुजी माझी सालटी काढणारे पत्र संपादकांकडे धाडीत. सदर त्या पत्रांवरच जगत होते, हे मला आता उमगते आहे. कारण जूनमध्ये नातवाने फुंकर मारलेला केक खाऊन गुरुजी तीन दिवस खोकले, आणि त्यांचे पत्र आले की लेखकाशी ते शब्दशः सहमत आहेत. त्यानंतर कोणाचेही पत्र नाही.

संपादक ललित (जुन्या संपादकांचा मुलगा, वय तीस) मला म्हणाला, "काका, बुरा मत मानो, पण तुमच्यावर कोणी चिडतच नाही. दिवाळीपर्यंत एक भी पत्र आलं नाही, तर तिथं पाककृती टाकतो."

मी तातडीने केकविरुद्ध जहाल लेख लिहिला. परिणामी बेकरीवाल्याने क्रीमने 'मर्यादा' असे लिहिलेला केक घरी पाठवला. (दोन तुकडे खाल्ले. उभ्याने.) मग शोभेला म्हटले, विरोधी पत्र तूच लिही. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्यासाठी आधी तुमचं वाचावं लागेल ना हो!"

ताई, थट्टा बाजूला ठेवून लिहितो. शनिवारी अंक निघाला की चौकात माणसे मला थांबवतात. सदर गेले, तर मी कापसाच्या पेढीवरचा एक कारकून उरतो. दुसरे काही नाही.

तुझा आज्ञाधारक (ही बाब वादग्रस्त आहे, मान्य),
चुडामण

ता.क. लहानपणापासून तू माझे एकही म्हणणे वादाशिवाय मान्य केलेले नाहीस. तेव्हा 'वधूने मंडपात नाचत येऊ नये' या माझ्या शनिवारच्या लेखावर तू संपादकांना कडक पत्र पाठवावे. तुझे श्रम वाचावेत म्हणून मसुदा मीच करून सोबत जोडला आहे. तुझे आडनाव सासरचे असल्याने नाते उघड होणार नाही.

ता.क. दुसरा (मंगळवार). पाकीट चिकटवण्यापूर्वी मसुदा पुन्हा वाचला. 'मुलगी स्वतःच्या लग्नाला आनंदाने आली, तर नेमके बिघडते काय?' या त्यातील प्रश्नाचे उत्तर मी कालपासून शोधतो आहे. सापडलेले नाही. तरी मला खोडून काढता येईल असे एखादे चुकीचे वाक्य त्यात तूच घालावे. तुला ते जड जाईल, याची मला कल्पना आहे.