ताईसाठी बोटीवरचं जेवण

बोटीवरून, ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी बोटीवर चढलो. खोली मागच्या सफरीत होती तेवढीच आहे, म्हणजे एकाने कपडे बदलायचे तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. तुझी भावजय आता आजी झाली तरी आपण तिला छोटीच म्हणतो, पण या खोलीत तिलाही आपण मोठ्या आहोत असं वाटलं.

तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, तेव्हा मी चौघांचीही तिकिटं रद्द करणार होतो. तू कागदावर लिहून दाखवलंस की तुम्ही दोघं जा, आणि रोज काय खाल्लंत ते मला लिहून पाठवा, नळीतून जेवणाऱ्या माणसाला निदान वाचायला तरी जेवण हवं. तुझा शब्द मी कधी मोडलाय? म्हणून कालच्या जेवणाचं लिहितो.

पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. गरम पाव, हात लावला की वाफ यावी असा, आणि त्यावर विरघळणारं लोणी. मग मशरूमचं सूप, इतकं दाट की चमचा उभा राहील. मग आख्खा मासा. वाढप्याने तो आमच्यासमोर काटे काढून वाढला. शेवटी केकचा गाडा आला, आणि छोटीला कुठला घेऊ न् कुठला नको असं झालं. बारा वर्षांपूर्वी आपण चौघं याच बोटीवर आलो होतो, ते दिवस आठवले. तेव्हाचं आणि आताचं, काडीचाही फरक नाही.

पत्राचा फोटो भाऊजींच्या फोनवर पाठवतोय. लवकर बरी हो. तुझी माया आहेच, तीत खंड पडू नये एवढंच मागणं.

तुझा,
धाकट्या

---

घरून, ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तिला दिलं. वाचून झाल्यावर तिने फोन माझ्या हातात परत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी गिळायला शिकवणाऱ्या बाई आल्या. रोज चमचाभर घट्ट केलेलं पाणी गिळून बघायचं असतं. आज तिने तोंडच उघडलं नाही.

बाईंचं म्हणणं असं की जखम आता पुरती भरली आहे, अडलंय ते भीतीपाशी. गिळताना ठसका लागला तर श्वास कोंडेल, हे तिच्या मनातून जात नाही. डॉक्टरांनी हळूहळू बोलायलाही सुरुवात करा म्हटलंय. तेही नाही. मी काही म्हटलं की कागदावर "बघू" एवढंच लिहिते. तिची ती "बघू"ची चळत मी उशाखालून काढून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमलेली असते. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी इतका हवालदिल झालो नव्हतो.

तुझा हेतू चांगला आहे, पण जेवणाचं वर्णन जरा बेताने केलंस तर बरं.

तुम्ही दोघं जपून राहा. तुमच्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझे,
भाऊजी

ता. क. धाकट्या, ह्यांनी पत्र टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. आता माझं ऐक. जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या. बघून लिहिलेला निबंध मला पहिल्या ओळीत कळतो. काटे काढून वाढलेला मासा आपण मागच्या सफरीत खाल्ला होता, आणि सुपात चमचा उभा राहील हे तेव्हा मीच म्हटलं होतं. तू मला माझंच वाक्य वाढलंस. मी नसताना तुमचं सगळं इतकं छान चाललंय हे वाचून कोणाला भूक लागेल? खरं लिही. — ताई

---

बोटीवरून, ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलो. आता खरं ऐक.

टेबलक्लॉथ गेले. टेबल उघडं असतं आणि ओल्या फडक्याने पुसलेलं असतं. पाव वरून गरम आणि आतून गार. लोणी सोनेरी कागदात येतं, पण एवढंसं की माझ्या दुकानातल्या चष्म्याच्या एका काचेलाही पुरणार नाही. सुपाचं काय सांगू? वाडग्याच्या तळाशी कंपनीचं नाव छापलंय, ते मी भरल्या वाडग्यातून वाचलं, तेही चष्मा न लावता. त्यात एक मशरूम सापडलं. छोटीने ते कापून दोघांत वाटून घेतलं.

मासा चौकोनी आहे. मासा चौकोनी असतो हे मला या वयात समजलं. डोकं नाही, शेपूट नाही, काटे तर नाहीतच, त्यामुळे काढायचा प्रश्न मिटला. काटे काढून हवे असतील तर वरच्या मजल्यावर वेगळं हॉटेल उघडलंय, पण तिथे तिकिटावर आणखी पैसे पडतात. चांगली कॉफीही तिथेच वर गेली. सकाळी एक माणूस समोर ऑम्लेट करून द्यायचा, आठवतं? तू त्याला कांदा बारीक चिरायला लावायचीस. आता मोठ्या ट्रेमध्ये एक पिवळी लादी असते, तिच्यातून तुकडा कापून देतात. माझ्या तुकड्याला कोपरा आला होता, तो मी मानाचा समजलो.

केकचा गाडाही गेला. केक आहेत, चार रंगांचे, पण चव सगळ्यांची एक. छोटीने डोळे मिटून ओळखून दाखवते म्हणून पैज लावली. लिंबाचा म्हणाली तो चॉकलेटचा निघाला.

काल मला राहवलं नाही, मी वाढप्याला चार शब्द सुनावले. छोटी माझ्याशी तेव्हापासून मोजकंच बोलतेय.

लोभ या सुपासारखा नसावा, ही विनंती.

तुझा,
धाकट्या

वन्सं, नमस्कार. ह्यांनी चार शब्द सुनावले म्हणजे काय ते मी सांगते. ह्यांनी वाडगा उचलून त्या भल्या माणसाला म्हटलं की हात धुवायचं पाणी आधी आणलंत, आता सूप आणा. आजूबाजूचे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हीच कान धरा. तुमच्याशिवाय ते कोणाचं ऐकत नाहीत, आणि तुमच्याशिवाय या टेबलावर करमतही नाही. — छोटी

---

घरून, ६ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

चौकोनी माशापाशी मला हसू फुटलं. गळ्यातून आवाज नाही, नाकात नळी, आणि मी पलंगावर गदगदा हसतेय. हसताना जोराचा ठसका लागला. हे स्वयंपाकघरातून धावत आले, हातातलं भांडं तसंच. मी डोळे घट्ट मिटून घेतले, म्हटलं आता संपलं. आणि काही झालं नाही रे. ठसका आला आणि गेला. श्वास जागेवर होता. इतके दिवस ज्याला भ्याले तो येऊन गेला आणि मी आपली उशीला टेकून तिथेच.

मग मीच लिहून दिलं की ते घट्ट पाणी आणा. बाई नव्हत्या, तेव्हा ह्यांनी आधी त्यांना फोन करून विचारलं, मग माझी पाठ सरळ केली, आणि स्वतःचाच श्वास रोखून चमचा पुढे केला. अर्धा चमचा गेला. चव खळीसारखी आहे. त्यापुढे तुमचं सूप म्हणजे मेजवानी.

तुझी पत्रं आता मी पुन्हा पुन्हा वाचते. वाचताना वाटतं, मी तिथे असते तर त्या लादीचा दुसरा कोपरा मी मागून घेतला असता. चांगल्या जेवणाने मला घराबाहेर ठेवल्यासारखं वाटलं होतं, या वाईट जेवणाने आत बोलावलं. नावं ठेवायला का होईना, मला तुमच्या टेबलावर बसायचंय.

आता तुझा कान. त्या वाढप्याची माफी माग. सूप त्याने केलेलं नाही, तो फक्त ते उचलून आणतो. आणि नुसती माफी मागून उठू नकोस, असं का झालं ते त्याला नीट विचार. मी वर्गात आधी चौकशी करायचे, शिक्षेचं नंतर.

छोटी, तू माझ्या वाटचं धाकट्यावर रागावलीस, बरं केलंस. तुम्हा दोघांवरची माया दिवसागणिक घट्ट होतेय, त्या पाण्यापेक्षा जास्त.

तुमची,
ताई

---

बोटीवरून, ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्धा चमचा वाचून छोटीने मला घट्ट धरलं आणि तिचा अबोला त्यातच सुटला. 

माफी मागितली. वाढपी आधी गडबडला, त्याला वाटलं मी वरपर्यंत तक्रार नेतोय. मग जेवणं आटोपल्यावर आमच्या टेबलाशी क्षणभर टेकला. बारा वर्षांपूर्वीही तो याच बोटीवर होता, दुसऱ्या बाजूच्या टेबलांवर. म्हणाला, तेव्हा जितकी टेबलं सांभाळायचो त्याच्या दुप्पट आता आहेत. पाव अर्धा भाजून किनाऱ्यावरून येतो, इथे फक्त शेकतात. बाजारात सगळं महागलं, पण तिकीट जवळपास तेव्हाइतकंच ठेवलंय, म्हणून चांगलं सगळं वरच्या मजल्यावर गेलं. मी तिकिटाकडे कधी असं पाहिलंच नव्हतं. ते सूप नेताना त्यालाही बरं वाटत नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

मग त्याने शेजारच्या टेबलाकडे हळूच पाहिलं आणि म्हणाला की तिकीट वाढवलं असतं तर त्या आल्या नसत्या. तिथे एक बाई आणि तिची म्हातारी आई बसते. लेक इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते. पहिल्यांदाच बोटीवर आल्यात. म्हातारीने ते पातळ सूप दोनदा मागून घेतलं. मी भीतभीत विचारलं की आवडलं का. त्या म्हणाल्या, सूप ठीकच आहे, पण आयुष्यात पहिल्यांदा मी बसलेली असताना कोणीतरी मला आणखी हवं का विचारतंय, तर नाही कशाला म्हणू? मी माझा पाव संपवला.

तुझं मी वाढप्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं, आणि आतून सूप करणारा आचारी हात पुसत आला. तुला काय गिळता येतं, गोड आवडतं की खारं, आणि घरी रांधतं कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरी भाऊजी आहेत, त्यांचा चहासुद्धा उतू जातो. तो म्हणाला, मग त्यांना सांगा की यात घाई केली तर बिघडतं, बाकी काही अवघड नाही.

त्याने सांगितलं ते असं. अंडं फेटायचं, पण फेस येऊ द्यायचा नाही. त्यात कोमट दूध, किंचित मीठ, आणि सगळं गाळून वाटीत. वाटी पातेल्यातल्या पाण्यात ठेवायची, वर झाकण, आणि पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. वाटी हलवली की मधोमध जरासं डुलावं, तेव्हा काढायचं. आधी गिळायच्या बाईंना विचारा, हे त्याने दोनदा बजावलं.

आणि मग त्याने आत जाऊन एक वाटी खरंच करून आणली, मला तुला नीट लिहिता यावं म्हणून. ताई, ते रेशमासारखं होतं. जीभ लावली की सरकतं, आणि मागे नुसती ऊब राहते. छोटी म्हणाली, या माणसाच्या हातून ते सूप करवून घेतात, केवढी ही नासाडी. त्याने ते ऐकलं आणि तो इतका खूश झाला की तिला आणखी एक वाटी दिली.

जेवण उतरलंय, हे मी कोणापुढेही म्हणेन. पण इथली माणसं मात्र अजून तशीच आहेत. त्यांचे उपकार मी कसे फेडणार, तूच सांग.

भाऊजींना नमस्कार, आणि घाई नको म्हणावं. तू आहेस तिथून आमच्या डोक्यावर हात ठेव, तो पोहोचतो.

तुझा,
धाकट्या

---

घरून, ११ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

या खेपेला जेवण माझ्याकडचं आहे. तुम्ही वाचा.

ह्यांची पहिली वाटी स्पंजासारखी झाली, भोकाभोकांची. पाणी उकळलं होतं. ती ह्यांनी ओट्याशी उभ्यानेच खाऊन टाकली आणि मला दाखवलीसुद्धा नाही. मला वासावरून कळलं. दुसरी जमलीच नाही, तीही पोटात गेली. तिसऱ्या वाटीपाशी ह्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि चष्मा पुसत तिथेच बसून राहिले. एवढा वेळ हा माणूस एका जागी फक्त माझ्या ऑपरेशनच्या दिवशी बसला असेल.

बाईंना आधीच विचारलं होतं. त्या आल्या, त्यांनी वाटी हलवून पाहिली आणि चालेल म्हणाल्या. हनुवटी खाली घ्यायला लावली. पहिला चमचा जिभेवर आला तेव्हा गरम आहे की गार तेही मला उमगेना, इतकं तोंड विसरलं होतं. मग हळूच अंड्याचा वास वर आला, मग दुधाचा. मी गिळलं आणि थांबले. तिघंही थांबलो. ते खाली गेलं, आणि छातीशी ऊब उतरली ती तू लिहिलीस तशीच. तेवढं तरी तू बघून लिहिलेलं नव्हतंस.

दुसरा चमचा बाई भरवायला लागल्या, तो मी त्यांच्या हातून घेतला. वाटी निम्मी झाली. असंच राहिलं तर पुढच्या तपासणीला नळी काढता येईल, असं त्या म्हणाल्या.

त्या वाढप्याला आणि आचाऱ्याला सांग की त्यांनी कधी न पाहिलेल्या एका घरात त्यांच्या हातचं जेवण पोहोचलं. मी रोज त्यांचं भलं चिंतते. शेजारच्या आजींना माझा नमस्कार सांग. छोटी, तुला मी काय लिहू? तू तिथून माझ्यासारखी रागावतेस आणि माझ्यासारखी खातेस, म्हणून मला इथे एकटं वाटलं नाही. आणि धाकट्या, तू खोटं लिहिलंस तेही मायेनेच, हे तेव्हाच कळलं होतं. खरं लिहिलंस त्याने मात्र मी उठून बसले.

बाई गेल्यावर ह्यांनी कागद-पेन्सिल माझ्यापुढे केली, कसं झालंय ते विचारायला. मी ती बाजूला सारली आणि तोंडाने सांगितलं की मीठ कमी आहे. आवाज घोगरा निघाला, कुणा परक्या बाईचा असावा तसा. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग मीठ आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

परत आलात की आधी इकडे या. लोभ बोलून दाखवायचा आहे.

तुमची,
ताई