गुडघ्याएवढी दांडी

तीर्थरूप आईस,
हातपाय धड आहेत, म्हणून आधी नमस्कार. कोपर जरा खरचटलंय, पण ते पडल्यामुळे नाही. म्हणजे पडल्यामुळेच, पण मऊ वाळूत.

घोड्यावर बसून आडव्या दांडीवरून उड्या मारायला शिकायची हौस मलाच होती, हे कबूल. पण वर्गात सगळ्यांचे घोडे उडी मारतात आणि माझा दांडीपर्यंत ऐटीत जाऊन तिथे ठाण मांडतो! दांडी गुडघ्याएवढी आहे गं, मांजरसुद्धा ओलांडेल. गाजरं खाताना मात्र महाराजांना कसली भीती वाटत नाही.

काल शिकवणाऱ्या बाई वैतागल्या. "तो दांडीला घाबरत नाही. तुम्ही श्वास कोंडून धरता, म्हणून थांबतो. काहीतरी बोलत राहा!"

काय बोलणार? तोंडात आलं ते तुझंच. "अहो, किती वेळ लावणार? मी काय दिवसभर इथेच उभी राहू?" आणि मेला गेला की पलीकडे! मी त्याच्या मानेला लटकलेली, पण पलीकडे.

बाबा अजून जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबतात का? डॉक्टर म्हणतात गुडघा बरा झालाय, मग अडतंय कुठे? त्यांना ओरडू नकोस, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेव्हापासून तू त्यांच्या मागे श्वास रोखून गप्प उभी राहत असशील. माझं म्हणणं मी मागे घेते. तू आपली ओरड.

अजून तरी खोगिरावर असलेली,
तुझी धाकटी