दादाची अंगठी

१२ फेब्रुवारी, दुपार

ती. वहिनी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, तालमीला जातो. तुमचा गळका नळ दुरुस्त करायला येतो म्हणालो होतो, ते राहूनच गेलं. शिंप्याने दादाचा राजाच्या भूमिकेतला अंगरखा नव्या नटासाठी चार बोटं आखूड केला. उरलेलं कापड घरी हवंय का, असं विचारत होता. मी घेऊन ठेवलंय. का घेतलं, ठाऊक नाही.

दादा जाऊन महिना झाला, पण मला रडू येत नाही. लोक म्हणतात, धाकट्याने मन घट्ट केलंय. तसं काही नाही.

सोमवारी तुम्ही रंगमंचाच्या सुताराविरुद्धच्या तक्रारीवर सही करणार, असं नाटक कंपनीचे व्यवस्थापक म्हणाले. म्हणून हे पत्र.

दादा नवीन मुलांना सांगायचा, "या नाटकात राजाला नशीब मारत नाही रे, त्याचा स्वभाव मारतो. सगळे सांगत असतात आणि हा ऐकत नाही." राजा रागाच्या भरात मुलाला देहदंड देतो आणि चौथ्या अंकात त्याच मुलाला पुरायच्या खड्ड्यापाशी उभा राहतो. पंधरा वर्षं मी विंगेत पुस्तकावर बोट ठेवून हे ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"हल्ली हे वाक्यं विसरतात, भाऊजी. डोळ्यांत तेल घालून बसा," असं तुम्ही मला बजावलं होतं. आमचा नेम ठरलेला होता. वाक्य हवं असलं की दादा बोटातली अंगठी फिरवणार, मगच मी शब्द पुरवायचा. खुणेआधी पुरवला तर त्याला अपमान वाटायचा. अपघाताच्या दिवशी सकाळच्या तालमीत मी खुणेआधीच पुरवला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पुस्तकात बघून पोपटसुद्धा बोलेल. तुझं काम गप्प बसायचं. बस गप्प." सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही आम्हाला चिडवायचात ना, सख्खा भाऊ पक्का वैरी?

संध्याकाळी प्रयोग होता. राजाच्या भाषणातली दोन वाक्यं उरली की मी बटण दाबतो, रंगमंचाखाली लाल दिवा लागतो आणि सुतार खड्ड्याचं झाकण उघडतो. मी बटण दाबलं, झाकण उघडलं आणि शेवटच्या वाक्याशी दादा अडकला. त्याने अंगठी फिरवली. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मनात म्हटलं, आता बोलव की पोपटाला. दहा मोजतो, मग देतो. त्याने पुन्हा अंगठी फिरवली. माझे सहा झाले होते. मग तो ऐकू यावं म्हणून माझ्या विंगेकडे निघाला. डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये खड्डा. प्रेक्षकांना त्याचं पडणं नाटकातलंच वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौकशीत मला विचारलं, "बटण दाबलं होतंत का?" मी म्हणालो, "आठवत नाही." तेवढ्यावरून ठरलं की सुताराने खुणेशिवाय झाकण उघडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. काल तो भेटला. म्हणाला, "मला दिवा दिसला होता हो. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. मीच मारलं का तुमच्या भावाला?" मी म्हटलं, "चहा घेणार?"

सही करू नका, वहिनी. व्यवस्थापकांना उद्या हेच सगळं लिहून देतोय. पण आधी तुम्हाला कळायला हवं होतं. माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

एकच राहिलं. दवाखान्यात नर्सने दादाची अंगठी काढून तुमच्या हातात दिली होती. तरी शेवटच्या दिवशी त्याचा अंगठा त्या मोकळ्या बोटावर फिरत होता. तुम्ही घाबरून विचारलंत, "भाऊजी, यांना काय हवंय?" मी म्हणालो, "पाणी असेल." तुम्ही चमच्याने पाणी पाजलंत.

त्याला पाणी नको होतं. त्याला वाक्य हवं होतं. ते असं आहे: "दोष कुणाला देऊ नका, हुकूम माझाच होता."

भाऊजी म्हणायचं की नाही, हे आता तुम्ही ठरवा.

दादाचा धाकटा