बारा वर्षांत वार्ता नाही

३ नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. रविवारी विज्ञान मंडळात कृष्णविवरांवर बोलायचंय, तयारी शून्य.
जेवताना आईंनी विषय काढला. विवेकच्या आई, माझ्या सासूबाई; तो घरातून निघून गेल्यापासून आम्ही दोघीच. म्हणाल्या, सतीश त्र्यंबकला जाऊन आला. या महिन्यात विवेकला जाऊन बारा वर्षं होतात. बारा वर्षं वार्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. तारीख २१. विधीला सतीशभाऊजी, विवेकचे भाऊ, बसतील.
"तू नुसतं यायचंस. टिकली काढायची नाही, ते मी गुरुजींना आधीच सांगून ठेवलंय."
बरं म्हटलं. भेंडीत मीठ कमी होतं, ते दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

५ नोव्हें., बुध.
स्लाइड्स केल्या, अकरा. घड्याळ कृष्णविवरात पडतंय, सेकंदाला एक ठोका. लांबून पाहणाऱ्याकडे ठोके उशिरा येतात, मग आणखी उशिरा, मंद होत, लालसर होत. घड्याळाला स्वतःला यातलं काहीच जाणवत नाही. त्याचा सेकंद सेकंदच. सीमा ओलांडण्याआधीचा एक ठोका शेवटचा असतो. तोही बाहेर पोचतो, पण तो शेवटचा होता हे पाहणाऱ्याला कळत नाही. तो पुढच्याची वाट पाहतो.
वाक्यं तपासली. बरोबर आहेत. तरी 'वाट पाहतो' काढून टाकलं. व्याख्यानात नको.

६ नोव्हें., गुरु.
मधल्या सुट्टीत गुरुजींचा फोन.
"ताई, एक विचारावंच लागतं. बारा वर्षांत काही वार्ता? पत्र, फोन, कुणी पाहिल्याचं सांगितलं वगैरे?"
"नाही."
"झालं तर मग. पानं आमच्याकडे असतात, तुम्ही काही आणू नका."
पुढचा तास बारावीचा. शिकवला.

७ नोव्हें., शुक्र.
विधीवर माझा विश्वास नाही. पण प्रश्न श्रद्धेचा नव्हता, वस्तुस्थितीचा होता. आणि मी नाही म्हटलं.
विवेक गेल्यानंतर पाच वर्षांनी. दुपार, जर्नलं तपासत होते. अनोळखी नंबर. हॅलो म्हटलं, दोनदा. पलीकडे कुणीतरी होतं. बसचा हॉर्न, माणसांचा गलका. अर्धा मिनिट. कट.
तो होता? कुणाचाही चुकून लागलेला फोन असू शकतो. मग बारा वर्षांत एवढा एकच चुकून लागलेला फोन का लक्षात राहिला?
उलट फोन मी दोन दिवसांनी केला. बंद. नंतरही बंदच. पोलिसांना कळवलं नाही, आईंना सांगितलं नाही.
दोन दिवस का? तेव्हा स्वतःला सांगितलं, तोंडी परीक्षा चालू आहेत. खरं म्हणजे घडी बसली होती. भात दोघींचाच लावायची सवय झाली होती. 'परत आला तर काय' हे आधी मनात आलं, 'तोच असेल का' हे नंतर.

९ नोव्हें., रवि.
व्याख्यान झालं. तीसेक माणसं. पहिल्या रांगेत जाधवकाका, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. "मॅडम, सूर्याचं उद्या कृष्णविवर झालं तर आपण गेलोच की आत!"
म्हटलं, सूर्याचं होणार नाही, तेवढा मोठा नाही तो. पण समजा त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं ठेवलं, तर पृथ्वी ओढली जाणार नाही. आहे त्याच कक्षेत फिरत राहील. वर्षही तेवढंच. फक्त उजेड नाही, ऊब नाही.
"म्हणजे बॉयलर विझला तरी टर्बाइन चालू! आमच्याकडे असं झालं असतं तर मला प्रमोशन मिळालं असतं हो."
सगळे हसले. मीही, बहुधा.
एका बाईंनी आकाशगंगेच्या मधल्या विवराचं विचारलं, ते चाळीस लाख सूर्यांएवढं. आपल्याला गिळणार का? नाही, फार लांब आहोत. काही दीर्घिकांत मात्र मधलं विवर भोवतालचा वायू इतका तापवतं की नवे तारे होणं थांबतं. जुने जळत राहतात.
घरी येताना चूक लक्षात आली. बोलण्याच्या ओघात 'घड्याळ सीमेवर थांबतं' म्हणून गेले. थांबत नाही. बाहेरून थांबल्यासारखं दिसतं. ते केव्हाच आत गेलेलं असतं. मंडळाच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली. जाधवकाकांचं उत्तर: 'एवढं कोण बघतंय मॅडम.'
तीस माणसांना दुरुस्ती कळवली. गुरुजींना नाही.

१६ नोव्हें., रवि.
आईंना त्या फोनचं सांगितलं. मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.
"मागे लोक बोलत होते ते मराठी की हिंदी?"
हे मला सात वर्षांत सुचलं नव्हतं. आठवून पाहिलं. आठवत नाही.
"विवेक का, असं विचारलं नाहीस?"
"नाही."
"नावाने हाक मारली असतीस तर ओ दिला असता त्याने. लहानपणी रुसला की तसाच बसायचा, हाकेची वाट बघत."
मग देठं वेगळी काढत हिशोब केला. "त्या फोनपासून बारा धरायची, म्हणजे अजून पाच. मी शहाऐंशीची होईन." थोड्या वेळाने, "असले तर."
दोन दिवसांचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१९ नोव्हें., बुध.
रडू यायला हवं होतं, असं काल वाटलं. आलं नाही. युनिट टेस्टचे पेपर काढले.
आईंनी सतीशभाऊजींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचा फोन आला, शुक्रवारी सातला गाडी आणतो. आई हो म्हणाल्या.

२० नोव्हें., गुरु.
सकाळी चहाला आईंनी विचारलं. "उलट फोन केला होतास?"
"दोन दिवसांनी."
कप खाली ठेवला. "मी असते तर त्या मिनिटाला केला असता." आवाज चढला नव्हता. उठून आंघोळीला गेल्या.
संध्याकाळी ताट नेहमीसारखं वाढून ठेवलेलं होतं.

२१ नोव्हें., शुक्र.
पावणेसात. आई नेसून तयार. विचारलं, जायचं ना?
"मला काय विचारतेस? फोन तुझ्या कानात वाजला, माझ्या नाही. तो होता म्हणालीस तर मी थांबते. पाच काय, दहा वर्षं. नव्हता म्हणालीस तर आज पानं जाळून येऊ, त्याला वाट मिळेल. पण काहीतरी एक म्हण. आणि सतीशला खाली जाऊन तूच सांग, मी नाही सांगणार."
म्हटलं, मला खरंच माहीत नाही.
"ते कळलं मला. तरी म्हण."
हॉर्न. भाऊजी आले. हे उभ्यानेच लिहितेय. आई दारात, चपला घालून, पाठमोऱ्या.
आता जिना उतरायचाय. अजून ठरलेलं नाही.