सहा नव्हे, सात सह्या

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पदव्युत्तर प्रवेश परीक्षा विभाग,
(खिडकी क्रमांक ४ मार्फत)

अर्जदार : आसन क्रमांक २१४७. व्यवसाय : औषध कारखान्यात लेबल तपासनीस.

विषय : इंग्रजी आकलनाच्या पेपरात उतारे वाचल्याची सही केल्यामुळे रद्द झालेली माझी उत्तरपत्रिका तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. २ जूनचे पत्र (तीन वेळा वाचले).
२) उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरील सूचना क्रमांक १४.
३) खिडकी क्रमांक ४ वरील लिपिकांचा तोंडी शेरा, दि. ८ जून.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून पुढील मजकूर सविनय सादर करते. अर्ज लांबला आहे याची जाणीव आहे. परंतु आपला विभाग आकलनाची परीक्षा घेतो, तेव्हा लांबीला आपण बिचकणार नाही असे धरून चालते.

१. आपल्या पत्रात म्हटले आहे की, उत्तरपत्रिकेतच छापलेल्या पाचही उताऱ्यांखाली माझी सही व तारीख आढळली. पहिल्या उताऱ्याखाली आणखी एका व्यक्तीची सही आढळली. अशा एकूण सहा सह्यांमुळे ओळख उघड झाली असून संगनमताचाही संशय येतो. सबब उत्तरपत्रिका न तपासता रद्द करण्यात येत आहे. यापैकी एकही सही मी नाकारत नाही. उलट आपल्या मोजणीत एक चूक आहे, ती पुढे परिच्छेद ६ मध्ये दाखवीन.

२. मी एका औषध कारखान्यात एकोणीस वर्षे लेबले वाचते. "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला "वाचते" असे उत्तर दिले की लोक म्हणतात, "ते झालं हो, पण काम काय?" काम हेच. छापखान्यातून आलेल्या लेबलांच्या प्रत्येक गठ्ठ्यातला नमुना घ्यायचा, पेन्सिलीचे टोक शब्दाशब्दावर ठेवत औषधाचे नाव, मात्रा, मुदत आणि इशारा वाचायचा, आणि खाली 'वाचले' या चौकटीत आद्याक्षरे व तारीख घालायची. मग शेजारच्या खुर्चीवरची व्यक्ती तेच पुन्हा वाचते आणि 'पडताळले' या चौकटीत सही करते. दोन सह्या झाल्याशिवाय यंत्राला लेबल लागत नाही. ज्या पानाखाली सही नाही ते पान आमच्याकडे कोणी वाचलेलेच नसते, मग वाचणाऱ्याला ते तोंडपाठ का असेना.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शेजारच्या जुन्या तपासनीस बाईंनी सुटीच्या आदल्या दिवशी सबंध गठ्ठ्यावर आधी सह्या करून घेतल्या; वाचन मागाहून करणार होत्या. छपाईत ०.५ मधले टिंब उडाले होते. लहान चमच्याने अर्धा चमचा घ्यायचे औषध एका आजोबांनी पाच चमचे घेतले आणि ते अकरा दिवस रुग्णालयात होते. ते बरे होऊन घरी आले. बाईही घरी गेल्या, त्या कायमच्या. त्या लेबलाखाली 'पडताळले' या चौकटीतली सही माझी होती. "त्यांनी पाहिलंय म्हणजे झालं" असे म्हणून मी ती केली होती. मी नवी म्हणून मला फक्त ताकीद मिळाली. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडल्या : न वाचता सही करणे आणि सही न करता वाचणे. आमच्या घरी विजेचे बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि नणंदेची पत्रे, सर्वांवर माझी आद्याक्षरे आहेत. नणंदेचा त्याबद्दल आक्षेप आहे. तो तिने लेखी कळवला, त्यावरही आहेत.

३. परीक्षेस बसण्याचे कारण असे. गेल्या अकरा वर्षांत आमच्या विभागाला चार तपासणी प्रमुख मिळाले. चौघांकडेही पदव्युत्तर पदवी होती, आणि टिंब कुठे शोधायचे ते चौघांनाही मी शिकवले. आता चौथे सोडून चालले आहेत. यंदा पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला तर ती जागा मला देऊ, असे व्यवस्थापनाने लेखी कळवले आहे (सोबत जोडले आहे). प्रवेशाची यादी ३० जूनला बंद होते. पुढील वर्षी मी आपल्या वयोमर्यादेबाहेर जाते. म्हणजे यंदा नाही तर पाचवे साहेब येतील आणि मी त्यांना टिंब दाखवीन.

४. तयारी मी प्रामाणिकपणे केली. अडचण एवढीच होती की इंग्रजी मी रोज वाचत असले तरी साठ शब्दांच्या पुढे कधी गेले नव्हते. साठ शब्दांनंतर बाटली संपते. आपले उतारे सहाशे शब्दांचे असतात, आणि ते देवमासे, हिमनद्या, मधमाश्या किंवा फार पूर्वी वारलेले प्रवासी यांच्याविषयी असतात. मी सरावाची वही ठेवली : चिकटवलेला उतारा, त्याचा विषय, लागलेली मिनिटे, बरोबर उत्तरे, आणि 'खरोखर काय कळले' असा एक रकाना. एकूण दोनशे बारा उतारे झाले. त्यांत एकोणीस वेळा देवमासा आला. कारखान्यात काम करणारी व्यक्ती एकदाही आली नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

पहाटे स्वयंपाकघराच्या टेबलावर सराव चाले आणि वेळ सासूबाई लावत. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहेत. तीन मिनिटे झाली की लोकांचे बोलणे तोडण्यात त्यांची हयात गेली. "झाली तीन मिनिटं. कुठवर आलीस?" "दुसऱ्या परिच्छेदात, आई." "अगं, तुझ्या वेगानं ती नदी वाहिली तर परीक्षा संपेल पण समुद्र यायचा नाही." असे म्हणून त्या उतारा ओढून घेत आणि पुढे काय झाले ते मला संध्याकाळी सांगत.

शेवटी शिकवणी लावली. तिथले सर माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मावशी, उतारा वाचायचा नसतो. सोडवायचा असतो. आधी प्रश्न बघा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडका, त्याच्या मागची-पुढची ओळ उचला, चला पुढे." मी विचारले, "आणि बाकीचा उतारा?" "तो जागा भरायला असतो." लेखकाचा सूर कोणता, या प्रश्नाला काय करावे असे विचारले, तर म्हणाले, "शंका आली की 'तटस्थ'वर खूण. परीक्षेतले लेखक रडत नाहीत, मावशी." सरांचे बहुतेक विद्यार्थी उत्तीर्ण होतात. सर चुकीचे बोलत नव्हते. पण टिंब नेमके त्या जागा भरायला असलेल्या भागातच उडते, हा माझा अनुभव. त्यामुळे मी वर्गातली सर्वांत कच्ची विद्यार्थिनी राहिले.

५. परीक्षेच्या दिवशी, म्हणजे १७ मे रोजी, मी पाचही उतारे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले आणि प्रत्येकाखाली 'वाचले', आद्याक्षरे, तारीख असे लिहिले. हे मी ठरवून केले नाही. एकोणीस वर्षे हात जसा चालतो तसा चालला. पहिला उतारा झाल्यावर हात वर करून पर्यवेक्षकांना बोलावले व दुसरी सही मागितली. "ही कशाला?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "पडताळणीसाठी." "बरं," म्हणाले, आणि केली. दुसऱ्या उताऱ्याला पुन्हा बोलावले तेव्हा मात्र म्हणाले, "अहो बाई, हजेरीची सही एकदाच असते ना?" त्यानंतर पेपर संपेपर्यंत ते दालनाच्या दुसऱ्या टोकाला राहिले.

संगनमत म्हणतात ते एवढेच. त्या गृहस्थांना आपण नोटीस दिल्याचे कळले. त्यांच्या बाजूने मी अशी साक्ष देऊ इच्छिते की, त्यांनी तो उतारा मुळीच वाचला नव्हता. केवळ सही केली होती. म्हणजे त्यांच्याकडून घडले ते जगात सगळीकडे घडते. त्यासाठी एकट्या त्यांना शिक्षा होऊ नये.

६. आता मोजणीतील चूक. पत्रात सहा सह्या म्हटल्या आहेत. त्या सात आहेत. सातवी पहिल्या पानावर, सूचनांच्या खाली आहे. "नाव, सही वा ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये" ही चौदावी सूचना मी वाचली, मला समजली, आणि समजल्याची खूण म्हणून मी तिच्याखाली सही केली. आकलन मला झाले होते. हाताला झाले नव्हते. ही सही सांगितली नसती तरी चालले असते, असे सासूबाईंचे मत. परंतु ज्या पानावरच्या सूचनेच्या आधारे उत्तरपत्रिका रद्द झाली, ते पान उत्तरपत्रिका रद्द करताना कोणी वाचले नाही, हे मी लपवून ठेवणे योग्य झाले नसते.

७. ओघात आणखी एक बाब. चौथा उतारा दीपगृहाचा होता. त्यात पहिल्या परिच्छेदात पायऱ्या ११२ आहेत आणि पाचव्या परिच्छेदात, रखवालदार म्हातारा झाल्यावर, त्याच पायऱ्या १२१ आहेत. वय झाले की पायऱ्या वाढल्यासारख्या वाटतात हे खरे. पण तसे उताऱ्यात म्हटलेले नाही, आणि उताऱ्याबाहेरचे काही धरायचे नाही असा आपलाच नियम आहे. प्रश्न २७ मध्ये पायऱ्या किती असे विचारून पर्यायांत दोन्ही आकडे दिले आहेत. मी समासात 'विसंगती, खुलासा व्हावा' असे लिहून प्रश्न सोडला. आपण प्रसिद्ध केलेल्या उत्तरसूचीत ११२ हे बरोबर धरले आहे. यावरून पेपर काढणारे, तपासणारे आणि परीक्षेला बसलेले इतर यांपैकी वरपर्यंत कोणी चढलेच नसावे, असे वाटते.

ही बाब मी बाहेर कोणालाही सांगितलेली नाही. फक्त सासूबाईंना सांगितली. त्यांना आजही पुष्कळ नंबर पाठ आहेत. तरी मी त्यांना ३० जूनपर्यंत थांबायला सांगितले आहे.

८. हाच अर्ज मी काल खिडकी क्रमांक ४ वर दिला होता. लिपिक सज्जन आहेत. त्यांनी पाने मोजली आणि अर्ज परत केला. "बाई, शेवटच्या पानावर सही केलीत, बाकीच्या पानांचं काय? प्रत्येक पानाखाली सही पाहिजे. नाहीतर वाचून सही केलीत हे साहेबांना कसं कळणार?" मी त्यांना म्हटले, "हेच वाक्य मला लिहून द्याल का?" ते म्हणाले, "लिहून नाही देता येत, पण नियम आहे." म्हणून आज प्रत्येक पानाखाली सही करून अर्ज पुन्हा सादर करीत आहे. एकाच इमारतीत, एकाच विभागात, सहीवाचून माझा अर्ज फिरला आणि सहीपायी माझी उत्तरपत्रिका. यातला कोणता नियम कोणाला लागू, हे मला उताऱ्यावरून ठरवता आले नाही.

९. माझे म्हणणे नियम मोडला नाही असे नाही. मोडला. पण तो नियम, परीक्षकाला उमेदवार कळू नये आणि पक्षपात होऊ नये, यासाठी आहे. परीक्षकांत माझी आद्याक्षरे ओळखणारे कोणी असेल असे वाटत नाही. ती औषधाच्या लेबलांच्या कागदांवर असतात आणि ते कागद कारखान्याबाहेर पडत नाहीत. चाळीसपैकी एकतीस प्रश्न मी सोडवले आहेत, कारण बाकीचा वेळ वाचण्यात गेला. उत्तीर्ण होण्यास वीस पुरतात. तपासून नापास केलेत तर मी दुसरा अर्ज करणार नाही. वाचून दिलेल्या निकालाबद्दल मला कधीच तक्रार नसते.

सबब नम्र विनंती की,

अ) माझी उत्तरपत्रिका, हवे तर सातही सह्यांवर कागद चिकटवून, ३० जूनपूर्वी तपासण्यात यावी.
आ) पर्यवेक्षकांवरील नोटीस मागे घ्यावी.
इ) दीपगृहाच्या पायऱ्या एकदा मोजाव्यात.

शेवटी एक. आपले २ जूनचे पत्र मी उजेडात धरून पाहिले. त्याखाली आपल्या सहीचा रबरी शिक्का आहे. आपण ते वाचले की नाही, हे शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून या अर्जाच्या शेवटी आमच्या कारखान्यात असतात तशा दोन चौकटी आखून देत आहे. शिक्का त्यांत मावणार नाही, इतक्या त्या लहान ठेवल्या आहेत.

वाचल्याशिवाय सही न करणारी,
आपली नम्र,
(आद्याक्षरे : उत्तरपत्रिकेतील सह्यांशी जुळवून पाहावीत)
आसन क्रमांक २१४७
दि. ९ जून

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत, 'वाचले' अशा तीन नोंदींसह.
२) व्यवस्थापनाचे पत्र.
३) सरावाची वही, उतारे १ ते २१२. (पाहून झाल्यावर परत मिळावी, सासूबाईंना शेवटच्या देवमाश्याचे काय झाले ते अजून वाचायचे आहे.)

वाचले : ____________ दि. ______

पडताळले : ____________ दि. ______