ही बोटं कोणाची

चिंचणी,
बुधवार

प्रिय धर्मेश,

फोनवर तू दोनदा म्हणालास, "एवढं काय झालं त्यात?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. निदान शेवटपर्यंत वाचशील.

आईचा तो फोटो उजेडाने उमटणाऱ्या छपाईच्या प्लेटवर उतरवायला सालवडच्या आपल्या छपाईच्या खोलीत आपण किती खपलो! इथल्या दमट हवेत पारदर्शक फिल्मवरची शाई सुकायची नाही. काळं पुरेसं दाट नसलं की त्यातून उजेड झिरपायचा आणि प्लेटवर सावल्या फिक्या यायच्या. आई बोंबील वाळत घालतेय, उजवा हात वर, मनगटावर मिठाने पडलेल्या भेगा. त्या भेगा हरवू नयेत म्हणून मी कॉम्प्युटरवर एकेक सावली पुन्हा पुन्हा सुधारली. शेवटची फिल्म मी काढतो, तू घरी जा, असं तू म्हणालास आणि मी विश्वासाने निघाले.

परवा तू प्रिंट फ्रेम करून घेऊन आलास. साखरपुड्याआधीची भेट म्हणून. आईने पदराला हात पुसून ती धरली, बराच वेळ पाहिली आणि मग आपला उजवा हात काचेला लावला. कागदावर पाच बोटं, काचेवर तीन. "ही बोटं कोनाची गं? माजी तर नाय," तिने मला विचारलं, तुला नाही. तू हसून म्हणालास, "काकू, कॉम्प्युटरनं भरली. आता हात छान दिसतो ना?" तात्या उठून बाहेर गेले. तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

तिची बोटं कशी गेली हे तुला माहीत नसतं तर मी गप्प बसले असते. चिंचणीच्या किनाऱ्यावर बसून मीच तुला सगळं सांगितलं होतं. बोईसरच्या त्या कारखान्यात मशीनमध्ये हात गेला, आणि साहेबाने लिहून दिलं की ही बाई कामाला आली तेव्हाच तिची बोटं नव्हती. तोच हात पुढे करून ती किती ऑफिसांत उभी राहिली. "माजी बोटं होती, सायेब," एवढंच सांगत राहिली. कोणी ऐकलं नाही तेव्हा ती पुन्हा मासळीकडे वळली. त्यांनी बोटं कधी नव्हतीच असं लिहिलं. तू ती कधी गेलीच नाहीत असं छापलंस. तुला विचारावंसंही वाटलं नाही, ना तिला, ना मला. आणि वर म्हणतोस, मी उगाच मनाला लावून घेते.

काल मी एकटीच सालवडला गेले. मूळ फोटोवरून नवी फिल्म काढली, पूर्ण सुकू दिली, प्लेट उजेडाला लावली, धुतली, शाई भरून प्रिंट घेतला. आता तो आमच्या भिंतीवर आहे. तुझी फ्रेम या पत्रासोबत परत पाठवतेय.

एवढ्यावर मी थांबलेही असते. पण आज सकाळी आई तात्यांना सांगत होती, "साकरपुड्याला नारळ तुमीच द्या. मी मागं रायते. तेंच्या लोकांना माजा हात बरा नाय वाटायचा." बाजारात याच हाताने मासळी तोलणारी, कोणी टक लावून पाहिलं तर त्याच्याकडे तसंच बघणारी माझी आई. मी आत आले तशी तिने हात पदराखाली घेतला. आजवर तिने तो कधी लपवला नव्हता. शनिवारच्या आत तू एकटा ये आणि तिच्यासमोर बसून तुझं चुकलं हे तिला सांग. मला सांगू नकोस, तिला सांग. नारळ तिच्याच हातून घेणार आहेस, हेही सांग. ते जमणार नसेल तर रविवारी साखरपुड्याला तुमच्या माणसांना इकडे आणू नकोस. तात्यांना काय सांगायचं ते मी बघेन.

अजून तुझीच म्हणवून घ्यायची इच्छा असलेली,
किंजल